मुंबईतील देवीच्या लशीची सक्ती : १८७७ चा कायदा आणि त्याची अंमलबजावणी

दप्तरदार

देवी (स्मॉलपॉक्स) या रोगाच्या लशीचा इतिहास सांगताना बहुतेक जण ती शोधणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेन्नरच्या १७९६ मधील प्रयोगावरून थेट १९८० च्या निर्मूलनाच्या घोषणेवर येतात. मधल्या काळात लस लोकांच्या दंडापर्यंत कशी पोहोचली, ती कोणी टोचली, कोणी नाकारली आणि नाकारणाऱ्याचे पुढे काय झाले, हा भाग सहसा गाळला जातो. मला त्याच भागाविषयी लिहायचे आहे, आणि तेही मुख्यतः मुंबईपुरते, कारण हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा इथे टोचली गेली आणि मुलांना देवी काढून घेण्याची, म्हणजे ही लस टोचून घेण्याची, कायदेशीर सक्तीही या शहराने लवकर अनुभवली.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करून ती लस आली होती. त्या काळी लस कुपीत भरून निर्धास्तपणे पाठवण्याची सोय नव्हती. उष्णतेने ती निकामी होत असे आणि माणसांच्या दंडांवरच ती जिवंत राहत असे. या मुलीच्या दंडावरील फोडातून घेतलेल्या द्रवाने मुंबईतील आणखी मुलांना टोचण्यात आले आणि पुढे इथूनच लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली.

ही 'दंडाकडून दंडाकडे' पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या विरोधाचा उलगडा होत नाही. मूल एकदा टोचून झाले की आठव्या दिवशी त्याला परत आणावे लागे. तोवर टोचलेल्या जागी मध्ये खोलगट, कडेला फुगीर असा पाणीदार फोड आलेला असे. टोचणारा नश्तराच्या टोकाने तो हलकेच फोडून त्यातून पाझरणारा स्वच्छ द्रव रांगेतल्या पुढच्या मुलाच्या दंडावर उतरवत असे. म्हणजे आठव्या दिवसाच्या भेटीत दोन कामे होत : लस लागली की नाही ते पाहणे आणि पुढच्या मुलांसाठी द्रव मिळवणे. पहिल्या कामाला आयांची हरकत नव्हती. दुसऱ्याला मात्र फार होती. आधीच तापलेल्या लेकराचा फोड फोडून त्यातले काढून न्यायचे, हे कोणत्या आईला रुचेल? शिवाय आपल्या मुलाच्या अंगात कोणत्या जातीच्या, कोणत्या घरच्या मुलाचा द्रव गेला हा प्रश्न होताच. त्यात जातिभेदाचा अहंकार होता हे मी नाकारत नाही. पण या पद्धतीत उपदंशासारखा (सिफिलिससारखा) रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे युरोपातल्या डॉक्टरांनाही मान्य करावे लागले होते. त्यामुळे नकार देणाऱ्या साऱ्या पालकांना अडाणी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यात विभाग पाडून गावोगाव फिरणारे टोचणारे नेमण्याची व्यवस्था सुरू झाली. हेच लोक पुढे 'देवी डॉक्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. या व्यवस्थेचा भर समजुतीवर होता, शिक्षेवर नव्हता. इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये तान्ह्या मुलांना टोचण्याची सक्ती झाली. मुंबई शहरात त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८७७ च्या कायदा क्रमांक १ ने, मुलांना लस टोचून घेणे पालकांवर बंधनकारक करण्यात आले. त्याच कायद्याने खऱ्या देवीच्या फोडातला द्रव टोचण्याच्या जुन्या रीतीवर बंदी आली, कारण तशा रीतीने टोचलेल्या माणसापासून इतरांना खरी देवी होण्याचा धोका राहत असे. १८८० मध्ये मध्यवर्ती सरकारचा कायदा आला आणि १८९२ मध्ये मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा झाला.

आता माझे म्हणणे मांडतो. पहिल्या टोचणीपासून सक्तीपर्यंत पंचाहत्तर वर्षे गेली, आणि या काळात जे घडले त्यावर सक्तीचे यश अवलंबून होते. लस बिनधोक झाली का, टोचणारा माणूस ओळखीचा आणि भाषेचा होता का, टोचण्यासाठी एक दिवस बुडवणे कुटुंबाला परवडत होते का, हे तीन प्रश्न जिथे सुटले तिथे कायद्याचा कागद पुष्कळसा निमित्तमात्र राहिला. जिथे ते सुटले नाहीत तिथे दंड आकारूनही मुले लपवली गेली. सक्तीचा इतिहास कलमांवरून लिहिला तर तो सरकारी दप्तराचा इतिहास होतो. तो चाळीच्या दारावरून लिहिला पाहिजे असे मला वाटते. जाणकारांनी भर घालावी.

लालबागकर

दप्तरदार, आपण शेवटी जो तिसरा प्रश्न मांडला आहे त्याविषयी आमच्या घरात ऐकलेले लिहितो. काळ बराच पुढचा आहे, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा, पण दाराशी घडणारे चित्र फारसे बदलले नसावे.

आमचे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगाराला रोज फाटकावर जाऊन उभे राहावे लागे. नाव पुकारले तर काम, नाही तर परत. आजीही बाहेर काम करीत असे. मुलाला देवी काढल्या की ताप येणार, ते रात्रभर किरकिर करणार आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी खाडा होणार हे ठरलेलेच. लस लागली की नाही ते दाखवायला पुन्हा जायचे म्हणजे आणखी एक खाडा. आजीचा देवी डॉक्टरला विरोध होता तो एवढ्यासाठी. या रोगाची देवता मानल्या जाणाऱ्या शीतळादेवीला ती मानत असे, माहीमच्या देवळात नैवेद्यही नेत असे. पण देवीचा कोप होईल म्हणून टोचू नये असे तिने कधी म्हटल्याचे आमच्या वडिलांना आठवत नाही.

देवी डॉक्टर चाळीत आल्याची हाक खालच्या मजल्यावरून वर येईपर्यंत काही बायका मुलांना मोरीत नाहीतर माळ्यावर बसवत. टोचण्याचे हत्यार म्हणजे लहानशी दांडी आणि तिच्या टोकाला बारीक दाते असलेली गोल चकती. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि फिरवायची. कातडी सोलवटून निघे. वडिलांच्या दंडावर त्याचे मोठे वण शेवटपर्यंत होते. एका मुलाचे रडणे ऐकून गॅलरीतली बाकीची मुले आधीच रडायला लागत, असे ते सांगत.

आजीने शेवटी मुलांना टोचून घेतले ते नोटिशीला भिऊन नव्हे. चाळीत बाळंतपणे करणारी जी सुईण होती तिने स्वतःच्या नातवाला सर्वांसमक्ष आधी टोचून घेतले, आणि देवी डॉक्टरला रविवारी, गिरण्यांच्या सुट्टीच्या दिवशी, येण्याची गळ घातली. तो आला. त्या रविवारी चाळीतली बहुतेक मुले टोचून झाली.

कायदेकानू

लालबागकरांनी लिहिलेला प्रसंग फार मोलाचा आहे. मी कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते, कारण 'सक्ती' म्हटल्यावर डोळ्यांपुढे शिपाई येतो आणि प्रत्यक्ष कलमांत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

१८८० चा मध्यवर्ती कायदा आपोआप कुठेच लागू होत नव्हता. तो नगरपालिका आणि लष्करी छावण्यांसाठी होता आणि नगरपालिकेच्या हद्दीत तो लावण्यासाठी तिची संमती लागे. म्हणजे सक्ती करायची की नाही हे स्थानिक प्रतिष्ठितांच्या हाती होते. ज्यांची मुले आधीच टोचलेली होती असे लोक बाकीच्यांवर सक्ती करण्याचा ठराव करीत होते, ही गोष्ट मला नेहमी खटकते. मूल सहा महिन्यांचे झाले की जबाबदारी सुरू होत असे आणि मुलग्यांच्या बाबतीत ती चौदा वर्षांपर्यंत, मुलींच्या बाबतीत आठ वर्षांपर्यंतच राहत असे. मुलींची मर्यादा इतकी कमी ठेवण्यामागे पडदा आणि बालविवाह यांचा विचार असावा असे माझे मत आहे. पण त्याचा परिणाम असा की आठ वर्षांपर्यंत सुटलेली मुलगी कायद्याच्या संरक्षणातून कायमची सुटली.

अंमलबजावणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. टोचले नसल्याचा संशय आल्यास लसीकरणाच्या अधीक्षकाने स्वतः त्या घरी जायचे, चौकशी करायची, खात्री पटल्यास पालकाच्या हाती नोटीस द्यायची किंवा ती दारावर चिकटवायची. नोटीस पाळली नाही तरच प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाई. मूल आजारी असल्यास टोचणी पुढे ढकलण्याची तरतूद होती. सरकारी केंद्रावर टोचण्याला फी नव्हती. मात्र केंद्राबाहेर, पालकाच्या विनंतीवरून, टोचल्यास फी स्वीकारण्याची मुभा टोचणाऱ्याला होती. या एका सवलतीत सारा वर्गभेद सामावलेला आहे. श्रीमंताच्या बंगल्यात टोचणारा फी घेऊन जाऊ शकत होता आणि त्या घरातल्या मुलाला केंद्रावरच्या गर्दीत, अनोळखी दंडांच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येत नव्हती. नोटीस चिकटवण्याचा प्रसंग येणार तो गरीब वस्तीतल्या दारांवर.

इंग्लंडमध्ये हेच अधिक उघडपणे घडले. १८६७ च्या कायद्याने एकाच मुलाबद्दल पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला आणि १८७१ नंतर प्रत्येक भागात लसीकरण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. दंड न भरणाऱ्या मजुराच्या घरातले सामान लिलावात जाई, काहींना तुरुंगात जावे लागे. श्रीमंताला मात्र तोच दंड दरवर्षी भरून मोकळे होता येई. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा प्रचंड मोर्चा निघाला. पुढे रॉयल कमिशन बसले, त्याचे काम १८८९ ते १८९६ असे चालले, आणि १८९८ मध्ये सदसद्विवेकबुद्धीने विरोध करणाऱ्या पालकाला सूट देण्यात आली. १९०७ मध्ये ती सूट मिळवणे आणखी सोपे झाले. लशीला विरोध करणाऱ्यांचे सारे म्हणणे खरे होते असे अजिबात नाही. पण दंडाचा भार कोणावर पडतो हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि संसदेला तो ऐकावा लागला.

खडा_सवाल

वरील सर्व प्रतिसाद वाचले. लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला त्यात एक मोठी उणीव जाणवते. सर्वांची सहानुभूती पालकाकडे आहे. मुलाकडे कोणी पाहतच नाही.

देवीच्या उग्र प्रकारात दर दहा रुग्णांपैकी सुमारे तीन जण मरत असत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे वण राहत आणि अनेकांची दृष्टी जात असे. सहा महिन्यांच्या मुलाला स्वतःचे मत नसते. त्याच्या वतीने बापाने 'नाही' म्हटले आणि मूल आंधळे झाले, तर त्या 'नाही'ला आपण स्वातंत्र्य म्हणायचे का? शिवाय ते मूल एकटे आजारी पडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, समाईक जिना, समाईक नळ आणि समाईक संडास असलेल्या चाळीत एका घराचा नकार साऱ्या मजल्याला भोगावा लागतो. लस हाताशी असताना राज्यकर्त्यांनी पंचाहत्तर वर्षे समजूत घालत बसावे हे मला दयाळूपणाचे वाटत नाही. ते हलगर्जीचे वाटते. परकीय सरकारला इथल्या मुलांच्या मरणाची पुरेशी पर्वा असती तर १८७७ पर्यंत वाट पाहिली गेली नसती. माझ्या दृष्टीने सक्ती उशिरा आली हा दोष आहे.

दप्तरदार

खडा_सवाल, आपला आक्षेप गंभीर आहे आणि मुलाचा हक्क पालकाच्या हक्कापेक्षा वरचा आहे हे मला मान्य आहे. चाळीविषयी आपण लिहिले तेही खरे आहे. माझा मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे. १८३० मध्ये किंवा १८५० मध्ये सक्ती केली असती तर सरकारने कोणती लस टोचली असती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

इथे एका मुंबईकर डॉक्टरचे नाव घेणे आवश्यक आहे. अनंत चंद्रोबा हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या तुकडीतले, म्हणजे भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांचे सहाध्यायी. मुंबईत वासराच्या अंगावर लस वाढवून तिथून ती थेट मुलांना टोचण्याची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वासराच्या पोटावरचे केस काढून तिथे लस लावायची, काही दिवसांनी फोड आले की त्यातला द्रव घ्यायचा. या एका बदलाने दोन मोठ्या अडचणी दूर झाल्या. एक, दुसऱ्या मुलाचा रोग आपल्या मुलाला लागण्याची भीती उरली नाही. दोन, आठव्या दिवशी कोणाच्या लेकराचा फोड फोडण्याची गरज संपली. जातीचा आक्षेपही त्याबरोबर बराचसा निकालात निघाला. वासराला इजा होते म्हणून काहींनी नवी हरकत घेतली हे खरे. हिंदुस्थानात पुढे रेडकांचाही वापर झाला. पुढच्या काळात इलाख्याला लागणारी लस बेळगावच्या लस केंद्रात तयार होऊ लागली, आणि टिळकवाडीतली ती जागा आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणूनच ओळखली जाते.

म्हणून १८७७ ची सक्ती आणि वासराच्या लशीची सोय या दोन गोष्टी मुंबईत जवळजवळ हातात हात घालून आल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या पद्धतीत आपल्या मुलाला दुसऱ्याचा रोग लागण्याची खरी शक्यता आहे ती पद्धत दंडाच्या धाकाने लादण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. निर्धोक लस दारात आणून ठेवल्यावर तो अधिकार थोडाफार निर्माण होतो. 'थोडाफार' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण कायदेकानू यांनी दाखवलेला वर्गभेद त्यानंतरही शिल्लक राहिला.

आपल्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्टही सांगतो. गांधीजींचा देवीच्या लशीला उघड विरोध होता आणि आहार, स्वच्छता व संयम यांवर त्यांचा भर होता. त्यांच्याविषयी अतीव आदर बाळगूनही मला असे म्हणावे लागते की देवीच्या बाबतीत स्वच्छ घरातले मूलही तितकेच असुरक्षित होते. इतक्या मोठ्या माणसाच्या शब्दाचा किती घरांवर परिणाम झाला असेल याचा विचार मनाला त्रास देतो.

डॉ_परळ

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम केले आहे. त्यामुळे या चर्चेत शेवटच्या टप्प्याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण सक्तीने देवी गेली असा जो समज आहे तो अपुरा आहे.

भारतात राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. तीन वर्षांत ऐंशी टक्के लोकांना टोचायचे असे उद्दिष्ट होते. कागदावर आकडे भरभरून वाढले. प्रत्यक्षात टोचणारे तिथेच जात जिथे माणसे सहज सापडत : शाळा, कचेऱ्या, वसाहती. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा टोचले की आकडा वाढतो, पण फुटपाथवर झोपणारा, हंगामी कामासाठी आलेला, रोज पत्ता बदलणारा माणूस सुटतो. आणि रोग नेमका त्याच्याबरोबर प्रवास करतो. मुंबईसारख्या शहराला हे जास्त लागू होते. इथल्या जुन्या रहिवाशांची कितीही टोचणी झाली तरी बोरीबंदरला उतरणाऱ्या प्रत्येक गाडीतून न टोचलेली माणसे येतच होती.

१९६७ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेत दोन साधने बदलली. गोठवून वाळवलेली लस उन्हाळ्यातही टिकू लागली, आणि लालबागकरांनी वर्णन केलेल्या त्या चकतीच्या जागी दोन टोकांची बारीक सुई आली. या सुईच्या दोन टोकांमध्ये लशीचा अगदी लहानसा थेंब अडकून राहतो आणि कातडीवर भराभर पंधरा वेळा टोचले की काम होते. लस जुन्या पद्धतीच्या सुमारे चौथाई लागते. थोड्या सरावाने कोणीही टोचू शकत असे. त्याहून मोठा बदल धोरणात झाला. सर्वांना टोचण्याऐवजी रुग्ण शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या संपर्कातल्या प्रत्येकाला टोचायचे. घरोघर जाऊन देवीच्या रुग्णाचे चित्र दाखवून विचारपूस होऊ लागली. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस मिळे. ते वाढत वाढत १९७५ मध्ये एक हजार रुपयांवर गेले.

तरीही १९७४ मध्ये देशात १,८८,००३ रुग्ण आणि ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले, ज्यांत सर्वांत मोठा वाटा बिहारचा होता. जमशेदपूरहून रेल्वेने निघालेल्या प्रवाशांबरोबर रोग दूरदूर पोहोचला. तेव्हा लशीचा पुरावा असल्याशिवाय गाडीत बसू न देण्यापर्यंत वेळ आली, आणि ज्यांचे मुख्यालय आपल्या फोर्टमध्ये आहे त्या टाटा समूहाने माणसे, वाहने आणि पैसा उभा केला. याच वर्षी बळाचा वापरही झाला. सिंहभूमच्या आदिवासी भागात रात्री दार मोडून घरात शिरून, माणसांना धरून टोचल्याचे त्या मोहिमेत स्वतः असलेल्यांनीच लिहून ठेवले आहे. मी त्या काळच्या सहकाऱ्यांचा अपमान करू इच्छित नाही. त्यांनी उन्हातान्हात पायी हिंडून लाखो जीव वाचवले. पण ज्या घरांत हे घडले त्या माणसांनी काय गमावले, याची नोंद निर्मूलनाच्या गौरवग्रंथात असायला हवी असे मी आग्रहाने म्हणतो.

२४ मे १९७५ रोजी आसामातील करीमगंज इथे सापडलेला रुग्ण भारतातील शेवटचा ठरला, आणि तोही बांगलादेशातून आलेला होता. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने प्रमाणित केले.

खडा_सवाल यांना एवढेच सांगेन की मुलाचा हक्क मोठा आहे यात शंका नाही. मात्र तो हक्क सांभाळण्याचे सर्वांत परिणामकारक साधन १९७४ मध्येही दंड हे नव्हते. रोगी कुठे आहे हे आपण होऊन सांगणारा शेजारी हे ते साधन होते, आणि ज्या वस्तीत जबरदस्ती होते तिथला शेजारी दुसऱ्या वेळी काही सांगत नाही.

नवखी

सर्वांचे मनापासून आभार, फार काही शिकायला मिळाले. दोन शंका आहेत. माझ्या डाव्या दंडावर गोल खूण आहे, ती देवीच्या लशीची असू शकेल का? माझा जन्म १९९१ चा आहे. दुसरे असे की आमच्या घरी प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घरात घुसल्याच्या गोष्टी सांगतात. ते याच कायद्याखाली होते का?

डॉ_परळ

नवखीताई, आपल्या दंडावरची खूण बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लशीची आहे. देवीची लस भारतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. जुन्या माणसांच्या दंडावर चकतीचे वण अधिक मोठे, सपाट, कडेला किरणांसारख्या रेषा असलेले आणि बरेचदा एकाहून जास्त असतात.

दप्तरदार

प्लेगचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अनेकांच्या मनात हे दोन्ही एकत्र झालेले आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर जी घरझडती, जे विलगीकरण आणि जी सामानाची जाळपोळ झाली ती १८९७ च्या साथरोग कायद्याखाली झाली. देवीच्या लशीच्या कायद्याशी तिचा संबंध नव्हता. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगवरची लस मुंबईतच तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. ती लस मात्र देवीच्या लशीसारखी मुलांवर कायद्याने बंधनकारक नव्हती. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगा उसळला, आणि त्याचे कारण लस नव्हते. घराचा आणि घरातल्या बायकांचा होणारा अवमान हे होते. तरी या अनुभवाची सावली देवी डॉक्टरवर पडल्यावाचून राहिली नसेल. दाराशी आलेला सरकारी माणूस सुई घेऊन आला आहे की रुग्णाला उचलून नेण्यासाठी, हे दार उघडेपर्यंत कोणाला कळणार?

बंदरकर

सक्तीचा एक प्रकार अद्याप कोणी मांडला नाही. आमचे एक काका बॅलार्ड पियरवरून बोटीने पूर्व आफ्रिकेला नोकरीसाठी गेले. त्यांची पिवळी आंतरराष्ट्रीय लसपुस्तिका आमच्याकडे आहे. त्यात देवीच्या टोचणीची तारीख, टोचणाऱ्याची सही आणि शिक्का आहे. तो दाखला तीन वर्षे चाले. पहिल्यांदाच टोचले असेल तर आठ दिवसांनंतर ग्राह्य धरत, आणि पूर्वी टोचलेल्या माणसाला पुन्हा टोचले असेल तर त्याच दिवसापासून. हजला जाणाऱ्यांनाही हा दाखला लागत असे. या पुस्तिकेविरुद्ध कधी कोणी तक्रार केल्याचे आमच्या घरात ऐकिवात नाही. शिक्का नसेल तर बोटीत पाऊल ठेवता येणार नाही हे माहीत असल्यामुळे लोक स्वतःहून रांग लावत.

कायदेकानू

बंदरकर, हा फरक कायद्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. १८७७ चा कायदा मूल जन्मले एवढ्याच कारणाने लागू होत असे. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता. पुस्तिकेची अट प्रवास करणाऱ्यालाच लागू होती. परंतु नोकरीसाठी जाणे ही ज्याची गरज आहे त्याच्यासाठी ती अट सक्तीइतकीच कडक असते, हे कोविडच्या काळात, १५ ऑगस्ट २०२१ पासून, लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकलचे दार उघडले तेव्हा या शहरातल्या रोजंदारीवरच्या माणसांनी अनुभवले. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच वेळी सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. 'प्रमाणशीर' कशाला म्हणायचे, यावरच पुढचे सारे वाद होतील असे दिसते.

खडा_सवाल

वासराच्या लशीविषयीचा दप्तरदारांचा मुद्दा मला पटला. निर्धोक लस उपलब्ध होण्यापूर्वीच्या सक्तीचे समर्थन मी करणार नाही. १८७७ नंतरच्या काळाविषयी मात्र माझे मत कायम आहे. वासराची लस शहरात मिळत असताना दंडाची तरतूद मलबार हिलला आणि लालबागला सारखीच कठोरपणे लावली गेली असती, आणि दंडाबरोबर गिरणी कामगाराला टोचणीच्या दिवसाची मजुरी मिळाली असती, तर कितीतरी मुलांचे डोळे वाचले असते. मजुरी देण्याचा विचार त्या कायद्यात कुठेही दिसत नाही, आणि माझा राग आता कायद्यातल्या सक्तीपेक्षा या उणिवेवर अधिक आहे.